लग्नाचा फोटोग्राफर कसा निवडावा, आणि फोटो कृष्णधवल ठेवावेत की रंगीत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लग्नासाठी दोन फोटोग्राफर पाहून ठेवले आहेत. एकाचं काम जवळजवळ सगळं कृष्णधवल आहे आणि बघताक्षणी मनात भरतं. दुसऱ्याचं काम रंगीत आहे, नेटकं आहे, पण तितकी ओढ लावत नाही. नवरा-नवरीला पहिला हवा आहे, घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र सगळे फोटो रंगीतच हवेत. तर माणूस कोणता निवडावा, आणि फोटो कसे घ्यावेत?

हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि ते दोन वेगळ्या वेळी घ्यायचे असतात. फोटोग्राफर लग्नाच्या आधी ठरवायचा. रंग ठेवायचा की काढायचा हे लग्न झाल्यावर, एकेक फोटो समोर घेऊन ठरवायचं. दोन्ही एकत्र केले की गफलत होते. कृष्णधवल फोटोंच्या प्रेमात पडून माणूस ठरवला जातो, आणि त्याला रंगीत काम जमतं का हे तपासायचं राहूनच जातं.

ते तपासायला हवं, कारण रंग काढून टाकला की रंगातल्या चुकाही दिसेनाशा होतात. लग्नाच्या हॉलमधला उजेड फार अवघड असतो. उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात: आकडा मोठा तितका उजेड निळसर, लहान तितका पिवळा. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड साधारण ५५०० केल्व्हिनचा, सावलीकडची खिडकी असेल तर ७००० च्या आसपास, म्हणजे निळसर. छतातले पिवळे दिवे २७०० ते ३२०० केल्व्हिनचे. त्यात सजावटीचे निळे-जांभळे एलईडी. अशा ठिकाणी खिडकीजवळ उभ्या असलेल्या माणसाचा एक गाल निळसर दिसतो, दुसरा नारिंगी, आणि हनुवटीखाली जांभळी झाक येते. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळवणी, एका वेळी एकाच उजेडाशी जुळतो, त्यामुळे एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. चांगला फोटोग्राफर हे आधीच ओळखतो. तो एखादा दिवा बंद करायला सांगतो, माणसांना खिडकीकडे तोंड करून उभं करतो, किंवा फ्लॅशवर नारिंगी जिलेटिन पेपर लावून फ्लॅशचा उजेड हॉलच्या दिव्यांशी जुळवतो. यातलं काही जमलं नाही तर एडिटिंगला बसून चेहऱ्याचा एकेक भाग निवडून रंग दुरुस्त करावा लागतो, आणि त्यात एका फोटोमागे पाच-दहा मिनिटं सहज जातात. आणखी एक वाट एका क्लिकची आहे: फोटो कृष्णधवल करून टाकायचा.

कृष्णधवल काम करणारे सगळे असंच करतात असं मुळीच नाही. उजेड-सावली ज्याला खरोखर कळते असा माणूस कृष्णधवलमध्ये जे करतो ते रंगात होत नाही. पण दोन्ही प्रकारची माणसं वीस निवडक फोटोंत सारखीच दिसतात, म्हणून पारख करावी लागते.

ती अशी करा. पहिल्या फोटोग्राफरच्या कामातले तुम्हाला आवडलेले आठ-दहा कृष्णधवल फोटो निवडा आणि नेमके तेच रंगीत दाखवायला सांगा. ज्याने रॉ फाइली, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली रंगासकटची कच्ची नोंद, जपून ठेवल्या आहेत त्याला हे थोड्या वेळाचं काम आहे. रंगीत फोटो समोर आले की तीन जागा बघा. चेहऱ्याचा रंग आणि मानेचा रंग जुळतो का. फोटोतली पांढरी वस्तू, म्हणजे सदरा, कागद, भिंत, पांढरी दिसते की पिवळट-हिरवट. आणि एकाच खोलीत लागोपाठ काढलेल्या पाच फोटोंत त्वचेचा रंग एकसारखा आहे की प्रत्येक फोटोत बदलतो. या तिन्ही कसोट्यांना काम उतरलं तर हा माणूस कृष्णधवल आवडीने करतो, सोय म्हणून नाही. मग त्याला बिनधास्त ठरवा. वडीलधाऱ्यांना रंगीत फोटो मिळतील आणि तुम्हाला कृष्णधवल, दोन्ही चांगले.

तो म्हणाला की रंगीत फाइल माझ्याकडे नाहीच, तर कारण विचारा. तो खऱ्या कृष्णधवल फिल्मवर काम करत असेल तर त्याचं म्हणणं बरोबर आहे, कारण तिथे निगेटिव्हमध्ये रंग कधी उतरलेलाच नसतो. सेन्सरवर, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, रंगाचा फिल्टरच नसलेले कृष्णधवल डिजिटल कॅमेरेही असतात. लायकाने तसा एक २०१२ साली आणला. पण साधा डिजिटल कॅमेरा मोनोक्रोमवर (कृष्णधवलवर) ठेवून नुसत्या जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यातच तयार होणाऱ्या आकसलेल्या फाइली, काढत असेल तर जपून. त्या फायलीतला रंग कायमचा गेलेला असतो, तो कोणत्याही सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही. लग्नात पुन्हा काढू म्हणायची सोय नसते, त्यामुळे ही जोखीम कोणाच्याही आवडीपायी घेऊ नका.

आता दुसऱ्या, रंगीत काम करणाऱ्याबद्दल. त्याचं काम ओढ लावत नाही असं वाटतंय, ते बहुधा रंगामुळे नाही. रंगीत फोटोत डोळा आधी भडक रंगाकडे जातो. मागच्या लाल खुर्च्या, कोपऱ्यातला निळा दिवा, कुणाच्या हातातली पिशवी हे सगळं चेहऱ्याच्या आधी दिसतं. म्हणून रंगीत फोटो बांधणं अवघड असतं: मागची बाजू साफ ठेवावी लागते, दोन पावलं बाजूला सरकून ती खुर्ची फ्रेमबाहेर काढावी लागते. त्याचे फोटो पाहताना मागच्या बाजूकडे लक्ष द्या. डोक्यातून खांब उगवलेला, बाहेर जाण्याच्या दाराची हिरवी पाटी चमकणारी, अर्धवट कापलेली माणसं असं वारंवार दिसलं तर त्याला घाईत फ्रेम सांभाळता येत नाही. हे फोटो कृष्णधवल केले तरी फारसे सुधारणार नाहीत. मागची बाजू साफ असेल आणि फोटो फक्त सौम्य असतील, तर मात्र तो तुमच्यासाठी योग्य असू शकतो. सौम्य रंगाचा फोटो वीस वर्षांनी जुना वाटत नाही. एखाद्या वर्षी चालणारी नारिंगी-हिरवट छटा मारलेला फोटो लवकर जुना वाटतो.

दोघांकडेही मागायची खरी गोष्ट म्हणजे एका लग्नाचा संपूर्ण संच. निवडक फोटो नकोत. त्या घरच्यांना जे सहाशे-आठशे फोटो दिले तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शक्यतो दोन संच बघा: एक दिवसा उघड्यावर झालेल्या लग्नाचा, एक संध्याकाळी बंद हॉलमधला. तुमचं लग्न ज्या प्रकारच्या जागी आहे त्या संचाला जास्त वजन द्या. त्या कुटुंबाच्या खासगीपणामुळे तो फाइली देणार नाही, पण समोर बसवून दाखवायला हरकत नसावी. तेही टाळत असेल तर पुढे जाऊ नका.

संच बघताना सुरुवातीचे सजवलेले फोटो भराभर पुढे सारा. कपडे, दागिने, अंगठ्या सगळ्यांनाच जमतात, कारण त्या वस्तू हलत नाहीत आणि वेळ हाताशी असतो. मुख्य विधीच्या अर्ध्या तासावर थांबा. तिथे फोटोग्राफरला उजेड निवडता येत नाही, जागा निवडता येत नाही, आणि कोणाला थांब म्हणता येत नाही. त्या अर्ध्या तासातला नेमका क्षण मिळाला आहे का? नवरा-नवरीचे दोघांचेही चेहरे दिसतात का, की एक कायम पाठमोरा? त्याच वेळी आई-वडिलांच्या चेहऱ्यावर काय चाललंय याचा एक तरी फोटो आहे का? व्हिडिओवाल्याचा दिवा चेहऱ्यावर पांढरा फटक पडलाय का? एका जागी उभं राहून ऐंशी फोटो काढलेत, की तीन-चार बाजूंनी? नंतर अंधार पडल्यावरचे फोटो बघा. नाचणारी माणसं धूसर आहेत का? चालत्या माणसाला निदान १/१२५ सेकंद आणि नाचणाऱ्याला १/२५० ते १/५०० सेकंद शटर लागतं. एवढ्या वेगाला उजेड कमी पडतो, म्हणून एकतर मोठ्या तोंडाची लेन्स हवी किंवा फ्लॅश नीट वापरता यायला हवा. लेन्सचं तोंड किती उघडतं ते एफ आकड्याने सांगतात, आकडा लहान तितकं तोंड मोठं. एफ/१.४ ची लेन्स एफ/२.८ च्या चौपट उजेड आत घेते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण अंधाऱ्या हॉलमध्ये फोटो होणं आणि न होणं यावरच ठरतं.

फ्लॅश समोरून थेट मारलेला असेल तर कपाळ-नाक चमकतं, मागे भिंतीवर कडक काळी सावली पडते, आणि मागचा हॉल काळाकुट्ट होतो. फ्लॅश छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवून मारला की उजेड पसरून मऊ होतो. मात्र छत रंगीत असेल तर तो रंग चेहऱ्यांवर उतरतो. हिरव्या तंबूखाली सगळे आजारी दिसतात ते त्यामुळेच.

एलईडी दिव्यांची आणखी एक खोड आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. आवाज होऊ नये म्हणून कॅमेरा इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला तर फोटोत आडवे पट्टे येतात. दाखवलेल्या संचात असे पट्टे दिसले आणि ते तसेच दिले गेले असतील, तर त्याने एकतर पाहिलं नाही किंवा पाहून दुर्लक्ष केलं. दोन्ही वाईटच. एकाआड एक फोटो पट्ट्यांचे निघाले तर ते कृष्णधवल करूनही जात नाहीत.

ग्रुप फोटोंकडे मात्र बारकाईने बघा, कारण घरातली मंडळी तेच मोठे करून लावतात. तीन रांगा उभ्या केल्या आणि लेन्स एफ/१.८ वर उघडी ठेवली तर मागची रांग धूसर येते, तिथे एफ/५.६ ते एफ/८ लागतं. फार वाइड लेन्सने जवळून काढला तर कडेची माणसं पसरट दिसतात आणि कडेला उभ्या असलेल्यांना ते कधी आवडत नाही. वीस माणसांत कुणाचे तरी डोळे मिटतातच, म्हणून प्रत्येक ग्रुपचे निदान पाच-सहा फोटो हवेत. एका ग्रुपला माणसं गोळा करण्यासकट तीन ते पाच मिनिटं धरा. बारा ग्रुप म्हणजे जवळजवळ एक तास. ही यादी तुम्ही लिहून द्यायची, आणि दोन्हीकडच्या सगळ्यांना नावाने ओळखणारं एक जबाबदार माणूस फोटोग्राफरसोबत उभं करायचं. फोटोग्राफरला तुमची मावशी कोण हे माहीत नसतं. मावशीचा फोटो राहिला ही तक्रार बहुतेक वेळा यादी नसल्यामुळे येते.

भेटीत विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. त्या दिवशी कॅमेरा हातात घेऊन तुम्ही स्वतः येणार की तुमच्या टीममधलं दुसरं कोणी? दुसरं कोणी येणार असेल तर संच त्या माणसाचा बघायला हवा. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो उतरतात का? कार्ड बिघडणं ही दुर्मिळ गोष्ट नाही, आणि दोन कार्डांच्या कॅमेऱ्यात एक गेलं तरी दुसरं असतं. दुसरा कॅमेरा सोबत असतो का? रॉ काढता ना? फोटो घरी गेल्यावर किती ठिकाणी उतरवता? चांगलं उत्तर म्हणजे तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यातली एक दुसऱ्या जागी. तुम्ही आजारी पडलात तर कोण येईल? या प्रश्नांना अडखळत उत्तरं येत असतील तर काम कितीही देखणं असो, माणूस तयारीचा नाही. कॅमेऱ्याची कंपनी आणि मॉडेल विचारण्यात वेळ घालवू नका, त्याने काही ठरत नाही.

करार लेखी असू द्या. त्यात तारीख, किती तास, किती माणसं, ॲडव्हान्स किती आणि तारीख बदलली तर त्याचं काय, एडिट केलेले साधारण किती फोटो, ते किती आठवड्यांत, पूर्ण रिझोल्यूशनमध्ये की वॉटरमार्क मारून, अल्बमची पानं किती, पहिल्या डिझाइननंतर किती वेळा बदल करता येतील, आणि फोटो त्याने जाहिरातीसाठी वापरायचे की नाही, हे सगळं यावं. या विषयासाठी आणखी एक ओळ महत्त्वाची: सर्व निवडक फोटो रंगीत दिले जातील, त्यांपैकी फोटोग्राफरला योग्य वाटतील ते कृष्णधवल रूपातही अधिक दिले जातील. ही एवढी ओळ घातली की घरातला वाद बराचसा मिटतो, कारण कुणाचंच काही जात नाही. रॉ फाइली मागण्याचा आग्रह धरू नका. त्या कच्च्या असतात, बहुतेक फोटोग्राफर देत नाहीत, आणि तुम्हाला त्यांचा उपयोगही कमी. त्याने त्या किती महिने जपून ठेवायच्या, हे मात्र लिहून घ्या.

आता रंगाचा प्रश्न. डिजिटल कॅमेऱ्यात कृष्णधवल कसं तयार होतं हे कळलं की निवड सोपी होते. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा फिल्टर असतो. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. रॉ फाइलीत ही सगळी नोंद राहते, साधारणपणे १२ किंवा १४ बिटांत, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला ४०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला फक्त २५६ पायऱ्या उरतात. म्हणून कृष्णधवल करायचं ते रॉ फाइलीतून. कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवून रॉ काढली तर मागच्या पडद्यावर फोटो कृष्णधवल दिसतो, पण फाइलीत रंग शाबूत असतो. उजेड-सावलीवर लक्ष राहावं म्हणून काही फोटोग्राफर मुद्दाम असं करतात, आणि त्यात काही धोका नाही.

रंग काढताना सॉफ्टवेअर तिन्ही रंगांचं वजन करून एक करडा आकडा काढतं. नेहमीचं एक सूत्र असं: लालचे २९.९ टक्के, हिरव्याचे ५८.७ टक्के, निळ्याचे ११.४ टक्के. एक उदाहरण करून बघा. सोयीसाठी शुद्ध रंग धरू. ० ते २५५ या मापात लाल कापडाचा आकडा २०० असेल तर करडा येतो साधारण ६०. शेजारच्या गडद हिरव्या काठाचा आकडा १०२ असेल तर त्याचाही करडा येतो ६०. डोळ्यांना उठून दिसणारा लाल पोत आणि हिरवा काठ कृष्णधवलमध्ये एकाच राखाडी पट्टीत मिसळून गेले. ज्या कपड्याचा रंग महिनाभर शोधून निवडला, तो फोटोत काळपट सपाट कापड दिसतो. कृष्णधवल फोटो मेल्यासारखा वाटतो अशी तक्रार येते तेव्हा बहुतेकदा हेच घडलेलं असतं: कोणीतरी एका बटणाने रंग काढला आणि पुढे काही केलं नाही.

नीट करणारा माणूस सॉफ्टवेअरमधली एकेका रंगाची पट्टी (स्लायडर) हलवतो. लाल थोडा वर, हिरवा थोडा खाली घेतला की काठ पुन्हा वेगळा होतो. त्वचेचंही तसंच. सगळ्या वर्णांच्या त्वचेत लाल-नारिंगी भाग जास्त असतो. नारिंगीची पट्टी वर नेली की चेहरा उजळतो, लालसर डाग आणि मुरमं मावळतात. खाली नेली की सुरकुत्या, तीळ, दाढीचे खुंट सगळं ठळक होतं. म्हणून एकाच फोटोची दोन कृष्णधवल रूपं दोन वेगळी माणसं वाटू शकतात. इथे एक विनंती करावीशी वाटते: पट्टी वर नेऊन सगळ्यांना गोरं करू देऊ नका. सावळा चेहरा कृष्णधवलमध्ये अतिशय सुंदर येतो, कारण करड्या रंगाच्या मधल्या सगळ्या पायऱ्या तिथे असतात. तो राखाडी-पांढरा केला की त्या पायऱ्याही जातात आणि माणूसही ओळखू येत नाही.

कोणते फोटो कृष्णधवल करावेत? ज्यात सांगण्यासारखी गोष्ट चेहऱ्यात, हातात किंवा उजेडात आहे ते. डोळे पुसणारा बाप. सही करताना कागदावर टेकलेला हात, बोटाच्या पेरांवर पडलेला खिडकीचा तिरपा उजेड. गर्दीत कुणाचीतरी नजर शोधणारा एकच चेहरा. बाजूने येणारा एकाच दिशेचा उजेड असेल तर त्यात चेहऱ्याला घडण येते, आणि रंग नसला तरी काही कमी पडत नाही, उलट आजूबाजूचा गोंधळ शांत होतो. अंधारात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ६४०० किंवा १२,८०० वर नेऊन काढलेले फोटोही कृष्णधवलमध्ये बरे दिसतात. तिथे दोन प्रकारचे दाणे येतात: उजेडाचे आणि रंगाचे. लाल-हिरव्या ठिपक्यांचे रंगीत दाणे डोळ्यांना खुपतात. रंग काढला की फक्त उजेडाचे दाणे उरतात आणि ते जुन्या फिल्मच्या ग्रेनसारखे वाटतात. निळ्या-जांभळ्या स्टेजलाइटखाली चेहऱ्याचा एकच रंग उडून सपाट झाला असेल, तर उरलेल्या रंगाच्या नोंदीवरून कधीकधी चांगलं कृष्णधवल काढता येतं. वर म्हटलेली सोय ती हीच, आणि पन्नासात एखादा फोटो असा वाचवला तर त्यात वावगं काही नाही. निम्मं लग्न असं वाचवावं लागलं तर मात्र आहे.

रंगीतच ठेवायचे तेही स्पष्ट आहेत. कपड्यांचे, फुलांचे, सजावटीचे, हॉलचे आणि ताटांचे फोटो रंगाशिवाय अर्थहीन होतात. ग्रुप फोटो रंगीत ठेवा, कारण उद्या कोणी कुणाला ओळखताना "तो निळ्या सदऱ्यातला" असंच सांगतो. संध्याकाळी सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं, जेव्हा आकाश गडद निळं आणि दिवे पिवळे असतात, तीही रंगातच शोभतात. सपाट, ढगाळ उजेडातला फोटो कृष्णधवल करायचा मोह टाळा. तिथे गडद-फिक्यातला फरकच कमी असतो, रंग काढल्यावर सगळं राखाडी होतं, आणि मग फरक आणायला कॉन्ट्रास्ट ओढावा लागतो तर पांढऱ्या कपड्याची वीण जाते आणि काळ्या कपड्याच्या घड्या जातात. कृष्णधवल फोटो तपासायची सोपी खूण हीच: सर्वांत पांढऱ्या कपड्यात वीण आणि सर्वांत काळ्या कपड्यात घडी दिसायला हवी.

सगळा फोटो कृष्णधवल आणि त्यात फक्त फूल लाल, हा प्रकार करू नका. फुलाकडे डोळा जातो आणि माणसं मागे पडतात. हवाच असेल तर एखादा करून घ्या, अल्बमभर नको.

किती असावेत? सातशे फोटोंच्या संचात ७० ते १४० कृष्णधवल, म्हणजे शंभरातले दहा ते वीस, हे प्रमाण बहुतेकांना रुचतं. निवड आधी फोटोग्राफरला करू द्या, मग तुम्ही दोघं बसून भर घाला. बघताना एक युक्ती करा: फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये पडदा ग्रेस्केल करायची सोय असते. ती लावून सगळा संच एकदा भराभर बघा. रंगात कधी नजर थांबली नव्हती असे काही फोटो अचानक पुढे येतात. तेच खरे कृष्णधवलचे उमेदवार. आवडते रंगीत फोटो ग्रेस्केलमध्ये मिटून गेले तर ते रंगीतच ठेवायचे हेही लगेच कळतं.

अल्बम लावताना समोरासमोरच्या दोन पानांवर रंगीत आणि कृष्णधवल एकाआड एक पेरू नका. रंगीत फोटो कृष्णधवलला खातो. समोरासमोरची पूर्ण दोन पानं कृष्णधवल द्या, किंवा सलग आलेला एक प्रसंग. विधीपूर्वीची शांत तयारी आणि निरोपाची वेळ यांना ते विशेष शोभतं, मधला गजबजलेला भाग रंगीत राहू द्या.

छापायला देण्याआधी एक नमुना नक्की काढा. रंगीत छपाईच्या कागदावर कृष्णधवल फोटो काढला की त्यावर बऱ्याचदा किंचित हिरवी किंवा गुलाबी झाक येते, आणि ती दिव्याखाली वेगळी आणि उन्हात वेगळी दिसते. ज्यात निरनिराळ्या करड्या शाई असतात अशा पिगमेंट प्रिंटरवर, मॅट कागदावर काढलेला कृष्णधवल फोटो याबाबतीत जास्त भरवशाचा. छोटा नमुना घरी आणा, खिडकीजवळ धरा, मग पिवळ्या दिव्याखाली धरा. दोन्हीकडे राखाडी राखाडीच दिसला तर मोठी प्रत काढायला हरकत नाही. आकाराचा हिशेबही करून घ्या: ६००० × ४००० ठिपक्यांचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी २० × १३ इंचांपर्यंत पूर्ण तपशिलात निघतो. भिंतीवर लांबून बघायची प्रत याहून मोठी काढली तरी चालते, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलीवरून कधीही नाही. तिथे फोटो आकसून येतो.

काळजी घ्यायची ती फोटोग्राफरने दिलेली फोटोंची ड्राइव्ह हातात आल्यावर. त्याच आठवड्यात सगळे फोल्डर उघडा, फोटो मोजा, अधूनमधून पन्नासेक फोटो पूर्ण मोठे करून बघा की फाइली तुटलेल्या नाहीत. कृष्णधवल फोल्डरमधल्या प्रत्येक फोटोचा रंगीत जोडीदार त्याच क्रमांकाने दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे का, ते जुळवून पाहा. मग दोन प्रती करा, एक घरात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरी. काही कमी निघालं तर फोटोग्राफरने रॉ फाइली जपण्याची जी मुदत करारात लिहून दिली आहे, ती संपण्याआधी त्याला लेखी कळवा.